पास झालेली बिल्डिंग

आमच्याकडे वसई-विरारला घर बघायला आलेला माणूस "परवानगी आहे का?" असं विचारत नाही. तो विचारतो, "बिल्डिंग पास आहे का?" आचोळ्यात जा, फुलपाड्यात जा, प्रश्न हाच आणि याच शब्दांत. पूर्वी कधीतरी या 'पास'चा अर्थ महापालिकेने नकाशा पास केलाय का, असा असणार. आम्ही घर घ्यायला निघालो तोवर तो गुपचूप बदलला होता. बँकेचं कर्ज पास होतंय म्हणजे बिल्डिंग पास, असा अर्थ सगळ्यांनी धरलेला होता. एजंट तसंच सांगायचे, शेजारी तसंच सांगायचे, आणि गावाहून फोनवर सल्ले देणारे माझे मोठे दीरही तेच विचारायचे, "लोन होतंय ना? मग झालं तर."

मी शाळेत मराठी शिकवते. शब्दांचे अर्थ कसे बदलत जातात हे मी सातवीच्या मुलांना गंमत म्हणून सांगते. या एका शब्दाची गंमत आम्हाला घरासकट भोवली. तरीही मी आज छातीठोकपणे सांगते, की त्या अर्थात मूर्खपणा नव्हता. आमच्यासारख्याला सातबारा धड वाचता येत नाही, कुठल्या जमिनीवर कसलं आरक्षण आहे ते कुठे बघायचं हेही ठाऊक नसतं. बँकेकडे वकील असतात, इंजिनिअर असतात. वीस वर्षांसाठी पैसे अडकवणारा माणूस कागद खरा की खोटा एवढं बघणार नाही? "टीचर, बँक काय येडी आहे का?" असं आमचा एजंट म्हणाला होता, आणि मला ते पटलं होतं.

तेव्हा आम्ही फुलपाड्यात भाड्याने राहत होतो. दर अकरा महिन्यांनी नवा करार, प्रत्येक कराराला भाडेवाढ, आणि मालकीणबाईंच्या मनात आलं की सामान उचला. नवरा लोअर परळला एका छापखान्यात कामाला, मुलगी बालवाडीत. आचोळ्याच्या बाजूला चार मजल्यांची, गुलाबी रंगाची नवी बिल्डिंग उभी राहिली होती. तिच्यात तिसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके आम्ही पाहिलं. हॉलच्या खिडकीतून पलीकडची मोकळी जमीन आणि तिच्यावर चरणाऱ्या म्हशी दिसायच्या. मुलगी त्या खिडकीपासून हलेचना, तेव्हाच ते घर आमचं झालं.

कर्ज देणारी ती खरं तर बँक नव्हतीच, गृहकर्ज देणारी एक कंपनी होती. पण आम्ही सगळे तिला बँकच म्हणायचो आणि तिनेही कधी ते सुधारलं नाही. कर्जाआधी दोन तपासण्या होतात असं त्यांनी सांगितलं. एक 'लीगल', म्हणजे त्यांचा वकील कागद तपासणार. दुसरी 'टेक्निकल', म्हणजे त्यांचा माणूस येऊन जागा पाहणार. दोन्हींची फी आमच्याकडून घेतली. वकील आम्हाला कधी दिसला नाही. टेक्निकलवाला मात्र एका दुपारी स्कूटरवरून आला. मी त्याला घरून नेलेलं कोकम सरबत दिलं. त्याने ओट्याचा फोटो काढला, संडासाचा काढला, हॉलचा काढताना मला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला व्हा, घर दिसू दे." खाली जमीन कसली, तिच्यावर बांधायला परवानगी होती का, हे त्याने एका शब्दानेही विचारलं नाही. जाताना खिडकीत उभं राहून म्हशींचा फोटो मात्र काढून घेतला.

पुढच्या आठवड्यात एजंट पेढे घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "पास!" मुलीला वाटलं तिचाच कसला तरी निकाल लागला, ती नाचायला लागली.

त्या घरात आम्ही काय काय केलं ते सांगत बसले तर माझाच राग निवळेल, म्हणून थोडक्यात सांगते. कडप्पा काढून ओट्याला ग्रॅनाइट बसवला, भिंतीला निळ्या टाइल्स लावल्या, खिडकीला ग्रिल केलं, ग्रिलमध्ये तुळस आणि ओवा लावला. खरेदीच्या वेळी नोंदणी कार्यालयात मुद्रांक शुल्क भरलं. वीजमीटर आला. घरपट्टी यायला लागली, तीही वेळच्या वेळी भरली. सरकारच्या ज्या ज्या खिडकीला आमच्याकडून पैसे घ्यायचे होते, तिला तिला आमचं घर स्वच्छ दिसत होतं. घरपट्टीच्या पावतीवर खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असायची, की ही पावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. ती ओळ मी नोटीस लागल्यानंतर वाचली. रक्कम मात्र पहिल्यापासून ठळक अक्षरांत छापलेली होती.

नोटीस गेटवर चिकटवली होती. ती जमीन मैदानासाठी राखीव होती. बिल्डरने दाखवलेली परवानगी बनावट, तिच्यावरचा शिक्का बनावट, सही बनावट. प्रकरण कोर्टात गेलं, आम्ही वर्गण्या काढून वकील दिला, तारखा पडत राहिल्या आणि शेवटी निकाल आला: अनधिकृत बांधकाम पाडावं, रहिवाशांनी घरं रिकामी करावीत. बिल्डरचा फोन तोवर कधीच बंद झाला होता. एजंट म्हणाला, "टीचर, मी तर फक्त मधला माणूस." त्या काळात भेटलेला प्रत्येक जण स्वतःला मधलाच म्हणवत होता.

आणि मग सुरू झाला उपदेश. "घेताना तपासायला नको होतं?" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की कुणी "घर" म्हटलं तरी माझ्या कपाळावर शीर उठायची. टीव्हीवर एक गृहस्थ म्हणाले, लोकांनी जागरूक राहायला हवं. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, वर संन्याशालाच शिकवण. आमच्या शिक्षकखोलीत गणिताचे सर म्हणाले, "स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर लोक डोळे मिटतात हो." मी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. म्हटलं, "सर, ते स्वस्त नव्हतं. आम्हाला परवडणारं तेवढंच होतं. या दोन्हींत फरक असतो, आणि गणित शिकवणाऱ्याला तरी तो कळायला हवा." सर पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

माझी एक सहकारी शिक्षिका वसई पश्चिमेच्या गावातली, जुन्या ख्रिस्ती कुटुंबातली. केळी-नारळाच्या वाडीत तिचं घर. ती डबा खाता खाता म्हणाली, "टीचर, आम्ही पडवीवरचे फुटके पत्रे बदलले ना, तर आठवड्याच्या आत पालिकेचा माणूस दारात. परवानगी दाखवा म्हणाला. माझ्या सासऱ्यांनी त्याला शहाळं पाजून वाटेला लावला. आणि तुमची एवढी चार मजल्यांची गुलाबी बिल्डिंग कुणाला दिसलीच नाही?" तिने हे हसत सांगितलं होतं, पण माझं तोंड बघून तिने स्वतःच्या डब्यातला फुगा, म्हणजे त्यांच्याकडचा तळलेला गोल पाव, माझ्या ताटलीत ठेवला.

माझा राग कुणावर आहे ते मी तेव्हापासून पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. बिल्डर चोर होता, मान्य. चोराने चोरी केली, त्याला तुरुंगात घाला, मी टाळ्या वाजवीन. पण ज्यांना राखण करण्याचे पैसे मिळत होते त्यांचं काय? पाया खणला जात असताना वॉर्डाच्या कार्यालयातून त्या रस्त्याने रोज जाणारे साहेब होते. खोट्या कागदावर आमची खरेदी नोंदवून घेणारे बाबू होते. आणि सगळ्यात जास्त माझं डोकं फिरतं ते त्या न दिसलेल्या वकिलावर. त्याने काय करायचं होतं? पालिकेत जाऊन परवानगीवरचा एक जावक क्रमांक पडताळायचा होता. मी दर परीक्षेला पेपर तपासते. न उघडता 'पास' लिहिलं तर माझी नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. त्याने न उघडता लिहिलं, फी घेतली आणि पुढचा कागद ओढला. कुंपणच शेत खातं असं म्हणतात. इथे तर कुंपण घातल्याचे पैसेही आम्हीच दिले होते.

घर पाडलं तेव्हा मुलगी बारावीत होती, परीक्षा तोंडावर आलेली. लोकांनी आधीच स्लायडिंगच्या खिडक्या, दारं, नळ काढून नेले होते. आमचं ग्रिल भंगारवाल्याने किलोवर घेतलं. पोकलेनने पुढची भिंत ओढली आणि रस्त्यावरून आमच्या स्वयंपाकघराच्या निळ्या टाइल्स दिसायला लागल्या. इतकी वर्षं त्या घरच्यांशिवाय कुणी पाहिल्या नव्हत्या. आता पोलीस, पत्रकार, कुल्फीवाला, सगळे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या मोबाइलवर मेसेज आला, हप्ता खात्यातून कापून घेतल्याचा.

पुन्हा फुलपाड्यात भाड्याची खोली घेतली. आता भाडंही आणि हप्ताही. नवऱ्याने आयुष्यात कधी आवाज चढवलेला नाही, पण तो म्हणाला, "नसलेल्या घराचे पैसे मी भरणार नाही. चल, त्यांना विचारू." आम्ही कंपनीच्या शाखेत गेलो. तक्रारीचं टेबल सगळ्यांत मागे, पाण्याच्या कूलरला चिकटून होतं. अधिकारी नवऱ्याच्या वयाचा, अगदी नम्र.

"मॅडम, मला वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण कर्ज घरावर नसतं, माणसावर असतं. घर गेलं तरी माणूस आहे ना."

"मग घर तारण कशाला घेतलंत?"

"ती प्रोसेस आहे."

"तुमच्या वकिलाने कागद तपासले होते. त्याचा रिपोर्ट दाखवा. त्याची फी मी भरली आहे."

"तो आमचा अंतर्गत असतो, मॅडम. आणि तपासायची अंतिम जबाबदारी ग्राहकाची. अर्जात तसं छापलंय, खाली तुमची सही आहे."

"म्हणजे तपासायचे पैसे तुम्ही घ्यायचे आणि तपासायचं मात्र मी?"

 नवऱ्याने विचारलं, "साहेब, आम्ही हप्ता बंद केला तर?"

"करू शकता. पण मग तुमचा क्रेडिट स्कोअर जाईल. उद्या मुलीच्या शिक्षणाला कर्ज लागलं तर तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही." मुलीबद्दल आम्ही त्याला काहीच बोललो नव्हतो. त्याच्या समोरच्या पडद्यावर ती आमच्या नावाखाली लिहिलेली होती. त्याने बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलं आणि आम्ही उठून बाहेर आलो.

कारण मुलीला फिजिओथेरपिस्ट व्हायचं होतं. छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलून नवऱ्याचा खांदा आखडला होता. विरारच्या एका डॉक्टरबाईंनी काही महिन्यांत तो हात पुन्हा डोक्यावर नेऊन दाखवला. मुलगी त्याच्याबरोबर जायची आणि घरी आल्यावर त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची, न ऐकल्यास ओरडायची. तेव्हापासून तिचं ठरलेलं. बारावीचा अभ्यास तिने त्या भाड्याच्या खोलीत, गॅसच्या शेगडीशेजारी बसून केला. प्रवेश परीक्षेतून तिला पुण्याच्या एका खासगी कॉलेजात जागा मिळाली. फी भरायची मुदत पंधरवड्याची. म्हणून आम्ही हप्ता भरत राहिलो. नसलेल्या घराचा हप्ता म्हणजे तिच्या जागेचं भाडं, असं मी मनाला समजावत होते.

शिक्षणाच्या कर्जासाठी दोन बँका फिरलो. दोन्हीकडे हिशेब एकच निघाला: पगारातून घराचा हप्ता वजा केला की काही उरत नाही. तारण काय देता, असं त्यांनी विचारलं. मुदत संपत आली आणि तेवढ्यात फोन वाजला. गोड आवाजाची मुलगी होती. "अभिनंदन मॅम! तुमच्या होम लोनवर टॉप-अप पास झालंय." म्हणजे चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज. आम्ही एकही हप्ता चुकवला नव्हता, म्हणून कंपनी आमच्यावर खूश होती.

नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. मुलीला घेऊन मी त्याच शाखेत गेले. या वेळी टेबल पुढे होतं, काचेच्या दाराशी. टाय लावलेला एक मुलगा, नुकता कामाला लागलेला असावा. त्याने आम्हाला कॉफी मागवली, लेकीचं अभिनंदन केलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. पडद्यावर आमचं घर होतं. पत्ता, तिसरा मजला, क्षेत्रफळ, आणि आजची किंमत.

"तुमच्या एरियात रेट छान वाढलेत, मॅम," तो म्हणाला. "टॉप-अप घरावर असतं ना, म्हणून व्याजही कमी बसतं."

मागच्या टेबलाजवळ कर्ज माणसावर होतं, पुढच्या टेबलाजवळ ते घरावर आलं होतं. दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईल एवढंच अंतर होतं. मागचे ते नम्र गृहस्थ कूलरशेजारी मान खाली घालून टाइप करत होते.

मुलाने कागद पुढे सरकवला. त्यावर छापलं होतं, की वरील घर माझ्या ताब्यात असून सुस्थितीत आहे. खाली सहीची जागा. मुलगी माझ्या कोपराला धरून बसली होती.

मी म्हटलं, "अरे बाळा, ते घर पाडलंय. आठेक महिने झाले."

त्याचा चेहरा पडला. पोरगा वाईट नव्हता. त्याने मागे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "मॅम, मी हे ऐकलंच नाही असं समजा. सिस्टिममध्ये घर आहे. टॉप-अपला व्हिजिट नसते, तपासायला कोणी येत नाही. तुम्ही फक्त सही करा. संध्याकाळपर्यंत पैसे."

तपासायला कोणी येत नाही! ज्या वाक्यापायी माझा संसार रस्त्यावर आला, ते वाक्य हा मुलगा मला सवलत म्हणून देत होता. इतकी वर्षं सगळे मला सांगत होते की चूक तुझी, जबाबदारी तुझी, सही तुझी. खरं तर त्या सगळ्या भानगडीत खोटं न लिहिलेली मी एकटीच उरले होते. ही सही केली की मी त्यांच्यातली झाले. आणि उद्या काही निघालं की हेच लोक, याच कागदावर बोट ठेवून, मलाच फसवणूक करणारी म्हणणार.  

मी पेन घेतलं आणि त्या छापील ओळीवर काट मारली. शेजारी लिहिलं, "घर पाडले आहे. कंपनीस माहीत आहे." खाली सही केली. "याच्यावर तुमचा पोच शिक्का मारून एक प्रत मला द्या," असं इतक्या मोठ्याने म्हटलं, की कूलरशेजारच्या साहेबांनीही मान वर केली.

"मॅम, मग हे कॅन्सल होईल," तो मुलगा अगदी हळू म्हणाला.

"होऊ दे."

शिक्का काही मिळाला नाही. कागद त्याने आत नेला आणि तो परत आलाच नाही. आम्ही बाहेर पडलो. समोर वडापावच्या गाडीशी गर्दी होती, रिक्षांची रांग लागली होती. मला अंगावरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटत होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडावर खरं लिहून आले होते. मी मुलीकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिला माझा अभिमान वाटेल.

तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती, संतापली होती. "आई," ती म्हणाली, "बिल्डरने खोटी सही केली. यांच्या वकिलाने केली. ऑफिसातल्या साहेबांनी केली. सगळ्यांचं भागलं, सगळे घरी सुखात आहेत. आणि खरं लिहायची वेळ आली ती नेमकी माझ्या फीच्या कागदावर?"

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला आणि रिक्षांच्या रांगेकडे चालायला लागली.  तिच्या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी द्यायला हवं होतं, ते आत एसीत बसून पुढच्या माणसाचं कर्ज पास करत होते.